पाठमोरं चित्र

“हात लावू नका, अजून वलं हाय.” चित्र पाहायला कुणीही पुढं झालं की आमचा पेंटर हेच म्हणायचा. आठ दिवसांपूर्वी वाळलेलं चित्रही त्याच्या लेखी ओलंच असायचं. लोकांची बोटं त्याला सोसत नसत.

पारनेरात माझा फोटो स्टुडिओ होता आणि शेजारी त्याची खोली. गेलेल्या माणसाचा फोटो मोठा रंगवून भिंतीवर लावायची तेव्हा पद्धत होती. गिऱ्हाईक मी पाठवायचो, चेहरे तो रंगवायचा. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असं काम. मागं मात्र सगळ्यांना एकच निळा पडदा. तुम्हीही अशी चित्रं कुणाच्या तरी ओसरीत पाहिली असतील.

बहात्तरच्या दुष्काळात तो खडी फोडण्याच्या कामावर पाट्या रंगवायला गेला आणि परतला तो वेगळाच. आधी चित्रातला निळा पडदा गेला, तिथं तांबूस माळ आला. मग मिशा अंधुक झाल्या. मी त्याला टोकायला लागलो. मी मुळातच भित्रा, त्यात लोकांना शब्द दिलेला मी.

“तिथं शेकड्यानं मानसं बघितली,” तो म्हणाला, “पन तोंड एकाचं ध्यानात न्हाई. समदी वाकलेली. आता हात तेच काढतोय, मी काय करू?”

सुप्याकडच्या एका शेतकऱ्याचं वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं होतं. मुलगा आईला घेऊन वडलांचं चित्र न्यायला आला. पेंटरनं कापड बाजूला केलं. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी आणि माळाकडं निघालेली पाठ. चेहरा नव्हताच.

“ह्याला गंध कुठं लावायचं?” मुलानं विचारलं. त्याचंही खरं होतं.

मी पेंटरला बाजूला घेतलं. “अरे बाबा, एवढं एक तोंड काढून दे. पुढं काय हवं ते काढ. नाहीतर उद्या तुझ्या दारात कुणी यायचं नाही.”

त्यानं अंगाचा रंग कालवला, कुंचला उचलला आणि चित्रापर्यंत नेला. मग कुंचला खाली ठेवला. “न्हाई जमायचं. आता तोंड काढलं तर ते खोटं हुईल.”

मुलगा नमुन्याला दिलेला वडलांचा फोटो उचलून तरातरा बाहेर गेला. आई मागंच राहिली. चित्राकडं बघत म्हणाली, “असंच जायचे. येतो म्हनून कदी सांगितलं न्हाई.” तिनं हात पुढं केला आणि थबकली. “वलं हाय का?”

“न्हाई मावशी, वाळलंय. लावा हात.”

तिनं चित्रातल्या खांद्यावरून हात फिरवला आणि मुलामागं गेली.

गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. दिवाळीआधी पेंटरनं गाव सोडलं. कुठं जातोय ते मलाही सांगितलं नाही, चित्र तेवढं माझ्याकडं ठेवून गेला. कुठं जेवत असेल, काय काढत असेल, याची मला आजही काळजी वाटते.

चित्र माझ्या दुकानात आहे. खांद्यावरच्या घोंगडीवर चार बोटं फिरल्याच्या खुणा आहेत, रंग सरकलेला आहे. त्यानं तो कधी नीट केला नाही. त्या दिवशी चित्र खरोखरच ओलं होतं.