अकराव्या मजल्यावरची धुरी

मंडळी, बरेच महिने इथले अनुभव नुसते वाचतेय आणि खरं सांगते, निम्म्यांना मनातल्या मनात हसतेय. चाहूल, सावली वगैरे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. बहारिनमध्ये एका मसाल्याच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोल बघते. दिवसभर वास घेणं हेच काम. म्हणून तर लिहायला हात अडखळतोय... कारण जे घडलं ते वासाचंच.

आम्ही जुफैरला अकराव्या मजल्यावर राहतो. समोरच्या फ्लॅटमध्ये मारिसोल — कोलंबियाची, बडबडी, हसरी. नवरा जहाजावर इंजिनिअर, निम्मा वेळ समुद्रात. माझे पोहे आणि तिच्या मक्याच्या जाड भाकऱ्या अशी आमची देवाणघेवाण चालायची. गेल्या उन्हाळ्यात तिला मुलगा झाला, मतेओ. नवरा थोडे दिवस राहिला आणि परत बोटीवर गेला.

मी लगेच धावणार होते, पण साताऱ्याहून आईने फोनवर दम दिला, "सव्वा महिना तिच्या घरात पाऊल टाकू नकोस गं. ओली बाळंतीण ती, बाहेरचं वारं नको." पटलं मला. मी आपली रोज खिचडी नाहीतर अळिवाची खीर तिच्या दाराला अडकवायची आणि मेसेज टाकायची. ती थम्स-अप पाठवायची. मला वाटायचं, किती छान चाललंय!

त्या दुपारी वर्क फ्रॉम होम होतं. बाहेर अंगाची लाही करणारं ऊन, एसी फुल. आणि अचानक... धुरी! ओवा, शेपा, लसणाची सालं निखाऱ्यावर टाकली की येतो तो बाळंतिणीच्या खोलीचा वास. माझ्या घरात कोळशाचा तुकडा नाही. बुखूर, म्हणजे इथला अरबी धूप म्हणाल, तर तो या बिल्डिंगमध्ये कुणी ना कुणी लावतंच, मी झोपेतही ओळखीन. हा तो नव्हता.

दार उघडलं तर कॉरिडॉरमध्ये वास आणखी दाट. धूर मात्र कणभरही नाही. खाली वॉचमनला फोन लावला.

"धुआँ मफी मॅडम, अलार्म भी मफी. सब ओके." मफी म्हणजे इथल्या बोलीत 'नाही'.

वासामागे जात मारिसोलच्या दाराशी पोचले. सकाळचा डबा तसाच लटकलेला. आत बाळ टाहो फोडत होतं. बेल वाजवली, दार बडवलं. शेवटी तिने उघडलं. केस विस्कटलेले, गाऊन दुधाने भिजलेला, आणि मागे बाल्कनीचं दार सताड उघडं. आधी बाल्कनी लावून घेतली, मग बाळ उचललं. आणि तेवढ्यात वास खलास. नावालाही उरला नाही.

"मला त्याच्याबद्दल काहीच वाटत नाही," ती इंग्लिशमध्ये पुटपुटली. "माझ्याशिवाय बरा राहील तो."

मी घाबरले, खूप घाबरले. दोघांना घेऊन थेट हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर विचारत होत्या आणि ही आपली "फाइन, फाइन." मग मीच बाल्कनीचं सांगितलं. त्यांनी स्पॅनिश बोलणारी काउन्सेलर व्हिडिओवर आणली आणि मारिसोल जी रडायला लागली... इतके दिवस इंग्लिशमध्ये हसणारी बाई आपल्या भाषेत तासभर रडली. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन होतं. औषधं सुरू झाली, नवऱ्याला बोलावून घेतलं, आणि मुहर्रककडच्या दोन स्पॅनिश बोलणाऱ्या बायका आळीपाळीने येऊ लागल्या. मीही आईचं ऐकणं सोडलं. "यल्ला, बाळ इकडे दे, तू आंघोळ कर," हे रोजचं झालं.

तेव्हा समजलं, तिच्या गावीही बाळंतपणाचे चाळीस दिवस पाळतात — पण तिथे बायका घरात शिरतात, बाळंतिणीला एकटं सोडत नाहीत. ती माझी वाट बघत होती आणि मी शहाण्यासारखी बाहेर डबे अडकवत होते.

आता मतेओ रांगतो. परवा चहा घेताना ती सहज म्हणाली, "त्या दिवशी तू रूदा जाळून आली होतीस ना? मी रेलिंगपाशी उभी होते. तेवढ्यात तो वास आला. माझी आजी बाळंतिणीच्या खोलीत रूदा जाळायची. वाटलं, तीच आली. म्हणून मी आत वळले."

रूदा म्हणजे आपली सताप. मी ती आयुष्यात जाळलेली नाही! घाईघाईने ओव्याची डबी आणून तिच्या नाकाशी धरली. तिने मान हलवली. "नो. हा नाही."

आमचे हे म्हणतात, कुठल्या तरी किचनचा वास एसीच्या डक्टमधून आला असेल. असेलही. पण एकाच किचनमधून तिला सताप आणि मला ओवा? इथे कुणी केमिस्ट्रीवाले असतील तर खरंच सांगा, मला जाणून घ्यायचंय.

"मग त्या दिवशी आलं होतं तरी कोण?" मारिसोलने विचारलं. तिच्या हातावर काटा आला होता.

"मी आले होते," म्हटलं. त्यापलीकडचं मला आजही सांगता येत नाही.