दोरी काढलेली मोटर

काका रोज आपल्या मोटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर उघडण्याआधी धक्क्यावर जायचे आणि बाबांच्या होडीची मोटर दोरी ओढून एकदा सुरू करून बघायचे. बटण होतं, तरी दोरीच ओढायचे.

ते बटण त्यांनीच बसवलं होतं. दोरी ओढून ओढून बाबांचा खांदा धरला, तेव्हा काकांनी त्या छोट्या मोटरीला इलेक्ट्रिक स्टार्टर लावला. वरचं झाकण बसेना म्हणून दोरीची चकती काढली आणि दोरी आईच्या हातात दिली. "वहिनी, हिच्यावर आता कपडे वाळत घाला. दादा साहेब झाला, एका बोटाने होडी चालवणार." सगळे हसले. त्या कौतुकात बॅटरी चार्ज करणारी वायर जोडायची राहून गेली.

काही दिवसांनी भर पाण्यात बॅटरी उतरली. ओढायला दोरी नव्हती. उलट्या वाऱ्यात वल्हं मारत बाबा कसेबसे परतले, पण त्यांचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही.

काकांनी वायर जोडली, झाकण कापून चकती परत बसवली. बाबा एवढंच म्हणाले, "अरे, होतं असं." त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. आमच्याकडे जेवताना ते बाबांच्या उजव्या बाजूला कधी बसले नाहीत.

काका वारले त्याच्या आदल्या संध्याकाळी ते दारातूनच आईला म्हणाले, "वहिनी, दादाला पुढून उघडणारेच शर्ट आणत जा. डोक्यावरून घालायचे नकोत."