खोडलेल्या ओळीवरची रेघ

त्या दिवशी मी घरून काम करत होते. ऑफिस ठाण्यात, कोलशेतला, घर ठाकुर्लीत. सकाळी अकराच्या सुमारास मी एक लहानसा बदल चालू केला आणि चहा करायला उठले. बदल एका ओळीचा होता.

आमची कंपनी बारा-तेरा माणसांची. घरी जाऊन आजारी माणसांची काळजी घेणाऱ्या एका संस्थेसाठी आम्ही वेब अ‍ॅप बनवलेलं. नर्स घरी जाऊन आली की त्यात सूचना लिहायची आणि घरच्यांना त्या फोनवर दिसायच्या. सूचना मार्कडाउनमध्ये असायच्या. म्हणजे लिहायचं साधंच, फक्त मध्ये खुणा टाकायच्या. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चांदण्या टाकल्या की तो ठळक होतो, लाटेसारखी खूण दोन-दोनदा टाकली की त्यावर आडवी रेघ येते, खोडल्यासारखी. नर्सना ही रेघ फार आवडायची. डोस बदलला की जुनी ओळ खोडायची आणि खाली नवी लिहायची, म्हणजे काय बदललं ते घरच्यांना कळतं.

हे सगळं स्क्रीनवर कसं दिसावं, ते ठरवणं माझं काम. मराठी अक्षरांखालचे उकार कापले जाऊ नयेत म्हणून ओळींमधलं अंतर वाढवणं, तक्ता छोट्या फोनवर मावेल असं बघणं, मथळ्यांचा रंग. संस्थेकडून तक्रार आलेली की सूचनांमधल्या लिंकखाली रेघा दिसतात, त्यामुळे वाचताना त्रास होतो. मी स्टाइलच्या फाइलमध्ये लिहिलं की सूचनेच्या चौकटीत कशालाही रेघ नको. फक्त लिंकला नको असं लिहायला हवं होतं. मी ‘कशालाही’ लिहिलं. मग माझ्याकडची नमुना सूचना उघडून बघितली. तिच्यात मथळा होता, यादी होती, तक्ता, ठळक शब्द, लिंक, सगळं होतं. खोडलेली ओळ नव्हती.

साडेबाराला संस्थेतल्या सगळ्यात जुन्या नर्सताईंचा फोन आला. त्या कधी घाईत बोलत नाहीत.

“अगं, खोडलेलं दिसत नाहीये.”

“म्हणजे?”

“मी शीळफाट्याला एका पेशंटकडे आहे. त्यांच्या मुलीच्या फोनवर बघितलं. जुना डोस आणि नवा डोस, दोन्ही चांगले दिसतायत. रेघच नाहीये.”

मी फाइल उघडली. माझी ओळ समोरच होती. चार मिनिटांत मी ती काढली आणि जुनी फाइल परत चालू केली. पण त्याने सगळं निस्तरलं नव्हतं. नेट नसलं तरी सूचना वाचता यावी म्हणून ते पान फोनमध्ये साठवून ठेवलं जायचं. ती सोय आम्हीच मोठ्या कौतुकाने दिलेली. ज्यांनी अकरानंतर पान उघडलं होतं, त्यांच्या फोनमध्ये ते रेघ नसलेलंच बसलं असणार.

अकरा ते साडेबारात एकोणीस घरांतून पान उघडलं गेलेलं. त्यांतल्या सहा सूचनांमध्ये खोडलेल्या ओळी होत्या. संस्थेच्या ऑफिसातून लगेच फोन सुरू झाले. वीस मिनिटांत पाच घरं झाली. कोणी औषध दिलेलं नव्हतं, एकाने तर आपणच विचारायला फोन करणार होतो म्हणून सांगितलं. सहावं घर फोन उचलत नव्हतं.

ताईंचा परत फोन आला. “कल्याणचं जोडपं आहे. दोघंच असतात. काकूंचं दुपारचं इन्शुलिन कालच मी डॉक्टरांना विचारून चौदावरून आठवर आणलं, वेळही साडेबाराऐवजी दीडची केली. जेवण कमी झालंय ना त्यांचं. मला इथून निघून पोचायला दीड तास तरी लागेल. तू ठाकुर्लीतच ना?”

“निघाले,” मी म्हटलं.

रिक्षा लगेच मिळाली. नव्वद फुटी रस्त्याने सुसाट आलो आणि पत्रीपुलाच्या अलीकडे अडकलो. पुढे टेम्पो, बाजूला बस, कोणीच हलेना. मी दर मिनिटाला ताईंनी पाठवलेला काकांचा नंबर लावत होते. रिंग पूर्ण वाजून बंद व्हायची. डोक्यात एकच चाललेलं, की दोन ओळी बघून माणूस कुठली धरेल? वरची. वर चौदा होते. मग मी उतरले, पूल चालत, अर्धवट पळत ओलांडला आणि पलीकडून दुसरी रिक्षा केली.

दुसऱ्या मजल्यावरचं घर. बेल वाजवली, तर आतून पावलं आली ती अगदी सावकाश. पंचाहत्तरीचे असतील काका. बनियन, लेंगा, चष्मा कपाळावर.

“हळू. ती झोपलीय.”

“काका, मी नर्सताईंकडून आलेय. काकूंना इन्शुलिन दिलंत?”

“दिलं की, साडेबाराला. तुम्ही नर्स का?”

“किती दिलंत?”

“चौदा.” मग टेबलाकडे हात करून म्हणाले, “आणि दीडला हे आठ. लावून ठेवलंय.”

टेबलावर इन्शुलिनचं पेन होतं, आकडा आठवर फिरवलेला. शेजारी फोन, माझं ते पान उघडं असलेला. काकूंची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद केलेला. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून अठरा मिनिटं झालेली.

मी पेन उचलून फ्रीजवर ठेवलं, त्यांच्या हाताला येणार नाही असं मागे. “हे द्यायचं नाही. काकू जेवल्यात का?”

“दोन घास. झोप येते म्हणाली.”

आतल्या खोलीत काकू कुशीवर पडलेल्या. पंखा पूर्ण वेगात होता तरी कपाळ, गळा घामाने निथळत होता. मी ताईंना फोन लावून स्पीकरवर टाकला.

“उठव त्यांना. बोलतायत का?”

“काकू! काकू, डोळे उघडा.”

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि भलतंच काहीतरी म्हणाल्या, दूधवाला आला का वगैरे. काका दारात उभे होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

“गिळता येतंय का बघ. चमचाभर पाणी दे आधी,” ताई म्हणाल्या. “येत असेल तर बसव आणि साखरपाणी दे. काकांना म्हणावं मशिनवर साखर बघा.”

काकूंनी पाणी गिळलं. मी त्यांच्या पाठीला उशी लावली आणि एका हाताने मान धरून साखरपाणी पाजायला लागले. अर्धं त्यांच्या पदरावर सांडलं. काकांकडून पट्टी मशिनमध्ये जाईना. तिसऱ्या खेपेला गेली. आकडा आला अठ्ठेचाळीस.

“सत्तरच्या वर यायला हवी. पाजत राहा,” ताई म्हणाल्या. “पंधरा मिनिटांनी परत बघा. मी डॉक्टरांना दुसऱ्या फोनवर घेते.”

ती पंधरा मिनिटं कशी गेली ते मला सांगता येणार नाही. काका पलंगाच्या कडेला बसून काकूंचं पाऊल चोळत होते आणि मध्येच स्वतःशी म्हणत होते, “दोनदा वाचलं मी. चष्मा लावून वाचलं.”

मी तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडाशी आलेलं. पण मला वाटलं, आधी काकू सावरू देत.

दुसऱ्यांदा आकडा चौऱ्याहत्तर आला. काकूंनी आजूबाजूला बघितलं, ओला पदर चिमटीत धरला आणि अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं, “हे काय सांडलंय? आणि ही कोण?”

काका रडायला लागले. मी स्वयंपाकघरात जाऊन वरणभात गरम केला. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत दर तासाला साखर बघायला सांगितलेली, आणि शंभराखाली दिसली तर काहीतरी खायला द्यायला. काकू जेवायला बसल्या तसे काका बाहेरच्या खोलीत आले.

“माझे डोळे गेलेत आता,” ते म्हणाले. “मुलाला कळवतो. मला नाही झेपत हे. आज मी तिला मारली असती.”

“काका, तुमची चूक नाहीये.”

“अहो, मीच दिलं ना!”

“पानावर वरची ओळ खोडलेली दिसायला हवी होती. ती रेघ माझ्यामुळे गेली. मी नर्स नाहीये. ते पान दिसतं कसं, ते मी करते. सकाळी मी एक बदल केला, त्यात ती रेघ उडाली.”

काका खुर्चीवर बसले.

“म्हणजे मी बरोबर वाचलं होतं?”

“हो.”

“तू आलीस तेव्हा तुला माहीत होतं हे?”

“हो.”

“मग आल्या आल्या का नाही सांगितलंस? अर्धा तास मी तिथे बसून...” आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं मला.

काकू सावरेपर्यंत थांबले हे खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. त्या घरात मी मदतीला आलेली मुलगी होते, आणि तेवढा वेळ मला तेच राहायचं होतं.

अडीचला ताई आल्या. त्या येईपर्यंत काका आत काकूंजवळ जाऊन बसले होते. मी निघताना काकू म्हणाल्या, “ये गं परत.” काका उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमच्या टीमच्या लीडने संस्थेला पाठवायचा मेल लिहून ठेवलेला. त्यात होतं, काही तांत्रिक अडचणीमुळे काही वेळ मजकूर नीट दिसत नव्हता.

“असं नाही झालेलं,” मी म्हटलं.

“अगं, तुझ्याचसाठी लिहिलंय.”

“नको. काय बदललं, कोणी बदललं, काय तपासलं नाही, तिन्ही लिही. नाहीतर मी लिहिते.”

तो वैतागला, पण त्याने मेल मला दिला. मी लिहिला. संस्थेने आठवडाभर अ‍ॅप बंद ठेवलं. त्या आठवड्यात मी आणि ताई ऑफिसात शेजारी बसलो. त्यांनी खऱ्या सूचना दाखवल्या, नावं झाकून, आणि मला कळलं की माझ्या नमुन्यात त्यांच्या लिहिण्यातलं जवळपास काहीच नव्हतं. आता खोडलेल्या ओळीला नुसती रेघ नसते. तिच्या आधी ‘रद्द’ असा शब्द येतो, अक्षरं फिकी होतात, आणि हे सगळं स्टाइलवर सोडलेलं नाही. ‘रद्द’ हा शब्द मजकुरातच घातला जातो. माझी फाइल उद्या पुसली गेली तरी तो दिसेल. औषधाच्या सूचना आता फोनमध्ये साठवल्या जात नाहीत. कुठलाही बदल आधी ताईंच्या फोनवर जातो, मग घरोघर.

पंधरा दिवसांनी मी काकांना मेसेज केला. काकूंना बघायला येऊ का, असं विचारलं. तीनदा लिहून खोडला आणि मग पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं.

“ती बरी आहे. यायची गरज नाही.”

मी गेले नाही. काकूंची तब्येत ठीक असते, हे मधूनमधून ताई सांगतात. त्यांच्या घरी आता सूचना वहीत लिहून दिल्या जातात. काकांनीच तसं मागून घेतलंय.