टापिसाचा बिनमातीचा पाला

टापिसाने गावच्या रेडिओवर सांगून टाकलं, तिथेच ती फसली.

कॅनडाच्या उत्तर टोकाला, बॅफिन बेटावरच्या त्यांच्या गावात रेडिओवर कुणीही फोन लावून काहीही सांगतं. कुणाचा हातमोजा हरवलेला असतो, कुणाकडे कॅरिबू हरणाचं मांस जास्त झालेलं असतं. टापिसा म्हणाली, "हिवाळा सरतानाच्या गावजेवणाला यंदा मी ताजं लेट्यूस आणणार. विमानातून आलेलं नाही. माझ्या घरात उगवलेलं."

ती गावातल्या एकुलत्या एका दुकानात भाजीच्या फळीवर आणि गल्ल्यावर कामाला होती. विमानातून उतरेपर्यंत कडा काळ्या पडलेला तो पाला रोज फेकून देताना तिचा जीव तुटायचा. म्हणून हा उद्योग.

आणि उद्योग तसा अवघड नव्हता. झाकणाचा एक प्लास्टिकचा खोका. झाकणाला भोकं, भोकांत दह्याचे रिकामे कप, कपांनाही बुडाशी भोकं. कपात ओला स्पंज, त्यात बी. खोक्यात खताची पूड विरघळवलेलं पाणी, वर दिवा. माती नको, पंप नको. रोप पाणी पितं तशी पातळी खाली जाते आणि वर मोकळी जागा तयार होते. खालची मुळं पाणी पितात, वरची त्या मोकळ्या जागेतली हवा घेतात. बाकी काही करायचं नाही. म्हणजे खरोखरच काही करायचं नाही.

तरी पहिली रोपं पिवळी पडून मेली. मुळं बघितली तर तपकिरी आणि बुळबुळीत. टापिसाने खताला दोष दिला. पुढच्या खेपेला खत कमी केलं, दिवा बदलला, बीसुद्धा नवं मागवलं. तीही रोपं तशीच गेली.

"विमानाची वाट बघायची नव्हती ना तुला," तिचा नवरा जॉनासी बर्फावर चालवायच्या स्नोमोबिलचा पट्टा घासत म्हणाला, "आता रोपांची बघ."

दुकानात तर एका गिऱ्हाइकाचं रोजचंच झालं. "टापिसा, जेवणाला थाळी मोठी आणू की तुझा पाला चमच्यात मावेल?" ती हसून पैसे मोजायची. मोठ्या माणसाने चिडायचं म्हणजे लहान पोरासारखं वागायचं, असं तिथे सगळे मानतात. त्यामुळे तिला आलेला राग बाहेर काढायलाही जागा नव्हती.

तिसरी रोपं लावली ती जेवणाच्या दिवसापर्यंत जेमतेम तयार होतील अशा बेताने. ही मेली तर चौथ्यांदा लावायला वेळ नव्हता.

एका दुपारी वादळाची चिन्हं दिसली म्हणून दुकान लवकर बंद झालं. टापिसा घरी पोचली तेव्हा घरोघर पाणी देणारी गाडी त्यांची टाकी भरून नुकतीच निघत होती. आत सासू, उलूती, कामाला लागली होती. किटली भरली, पातेली भरली, बादली भरली. मग तिने खोक्याच्या झाकणाचा कोपरा उचलला आणि किटली आत रिकामी केली, काठोकाठ.

"आई, हे काय करताय?"

"पाणी अर्ध्यावर आलं होतं. वादळात गाडी किती दिवस यायची नाही काय सांगावं? घरात अर्धं भांडं ठेवतं का कुणी?"

"दर वेळी भरता?"

"गाडी आली की भरते. मागच्या खेपेला माझा डोळा लागला होता, तर शेजारणीने भरलं. जॉनासी पण भरतो. सगळे बघतात गं तुझ्या झाडांकडे."

टापिसा बाहेर पायरीवर गेली. बोटं दुखेपर्यंत उघड्या हातांनी उभी राहिली. मग आत आली.

"आई, समुद्रावरच्या बर्फात सीलचं वर येऊन श्वास घ्यायचं भोक असतं ना. ते बुजवलं तर?"

"सील मरेल. हे काय विचारणं झालं?"

"या मुळांचंही तसंच आहे. वरची मोकळी जागा म्हणजे त्यांचं भोक. तुम्ही सगळे मिळून ते बुजवताय."

उलूतीने किटली खाली ठेवली. झाकण उचलून आत डोकावली.

"मग आधी सांगायचंस ना, पोरी. मला वाटलं तू आळशी आहेस, पाणी घालायला विसरतेस. तुला लाज वाटू नये म्हणून मी तुला न सांगता भरत होते."

दोघींनी मिळून पाणी अर्ध्यावर आणलं. वादळ ओसरल्यावर उलूतीने रेडिओवर फोन लावला. "माझ्या सुनेच्या खोक्यात कुणी पाणी घालू नका. मुळं गुदमरतात. सगळ्यात जास्त मीच घातलंय." टापिसाने हे दुकानात, गल्ल्यावर रांग लागलेली असताना ऐकलं. रांगेतले सगळे तिच्याकडे बघत होते. तिने पुढच्या माणसाची पावरोटी उचलली आणि पिशवीत जरा जोरातच कोंबली.

बरीच रोपं तरी गेलीच. जेवणाच्या दिवशी जगलेल्या रोपांचा सगळा पाला एका वाडग्यात बसला, आणि वाडगाही लहानच होता. सभागृहात जमिनीवर पुठ्ठे अंथरून त्यावर गोठलेला कच्चा मासा आणि मांस मांडलं होतं. टापिसाने वाडगा कोटाखाली धरला होता. कोपऱ्यात कुठेतरी सरकवून मोकळं व्हावं, एवढंच तिच्या मनात होतं.

उलूतीने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही हिची पहिली शिकार."

पहिली शिकार एवढासा पक्षी का असेना, तिच्या आकाराला कुणी हसत नाही. तिथल्या रीतीप्रमाणे शिकार करणारा ती स्वतः चाखत नाही. जन्माच्या वेळी जिने त्याची नाळ कापली तिलाच ती जाते. थाळीवरून टोमणे मारणारा माणूसच आधी उठला आणि वाट करून दिली. वाडगा हातोहात पुटुगुक आजीपर्यंत पोचला. टापिसाची सुईण तीच.

आजीने एक पान माशाच्या तुकड्याभोवती गुंडाळलं आणि सावकाश चावलं.

"कडू आहे," ती म्हणाली, आणि दुसरं घेतलं. मग तिसरं.

वाडग्याचा तळ दिसायला लागला तशी टापिसा तिच्याजवळ सरकली. "आजी, एक पान मला? नुसतं चव बघायला."

"पहिल्या शिकारीतलं? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" आजीने शेवटचं पान तोंडात टाकलं आणि रिकामा वाडगा तिच्या हातात दिला.

जॉनासीने विचारलं, "कसा झाला होता गं पाला?"

"मला काय माहीत," टापिसा म्हणाली आणि मासा कापायला बसली.