फिरून परत आलेला फोन

काशीच्या पंचगंगा घाटावर यात्रेकरूंचे विधी सांगणाऱ्या वेणीमाधव दातारांची मुलगी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इंजिनियर झाली. मंगला गौरीच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटलं, आता ही कानाला हेडफोन लावून नंबर जोडत बसणार. मृणालिनी हसायची. म्हणायची, "अहो काका, आता यंत्रंच एकमेकांशी बोलतात. ती काय बोलतात ते बघणं माझं काम."

खरंच तसं होतं. बनारसमधून कुणी पुण्याचा नंबर फिरवला की इथलं एक्स्चेंज पुढच्या एक्स्चेंजला खुणेने विचारायचं, वाट मोकळी आहे का? होकार आला की आकडे कळवायचं. मग ते त्याच्या पुढच्याला विचारायचं. फोन धरून बसलेल्याला यातलं काही कळत नसे.

शहाण्णव सालच्या कार्तिकात कुठेतरी रस्ता खणताना पश्चिमेकडे जाणारी मोठी केबल तुटली. तशी सोय होती. सरळ वाट बंद पडली की फोन आपोआप शेजारच्या शहरातल्या एक्स्चेंजकडून वळवले जायचे. पण या वेळी तीही वाट तुडुंब भरली. घाटांवर महाराष्ट्रातले यात्रेकरू उतरलेले, दशाश्वमेधच्या एसटीडी बूथवर ही गर्दी, आणि पुणं नाही, मुंबई नाही, एक फोन लागेल तर शपथ.

मोठे साहेब वैतागले. "भीड़ है, और क्या! दूसरा रूट भी बंद कर दो. केबल जुड़ने दो."

मृणालिनीला ते पटेना. गर्दीच असती तर निदान थोडे फोन लागले असते. इथे सगळ्या लाइनी अडलेल्या होत्या, आणि एकावरही कुणी बोलत नव्हतं.

तिने पुण्याच्या नंदामावशीचा नंबर फिरवला. तो नंबर त्या वेळी बनारसमधून दुसरं कोण फिरवणार? मग स्क्रीनवर त्या फोनचा माग काढला. फोन शेजारच्या एक्स्चेंजकडे गेला. आणि लगेच तिकडून येणाऱ्या एका लाइनवर तोच नंबर पुण्याची वाट विचारत आत आला.

"अगं बाई!" ती मराठीतच ओरडली. "हा तर माझाच फोन!"

शेजारच्यांची पश्चिमेची वाटही त्याच केबलमधून जात होती. ती तुटल्यावर त्यांचं यंत्र बनारसला विचारत होतं, बनारसचं पुन्हा त्यांना. एकच फोन गोल गोल फिरत एकामागून एक लाइन अडवत होता. दोन्हीकडची व्यवस्था आपापल्या जागी बरोबर होती. दोन्ही वाटा एकदमच बंद पडतील असं कुणाच्या ध्यानी आलं नव्हतं.

एक्स्चेंजवाल्यांना आपसात बोलायला वेगळी सर्व्हिस लाइन असायची; तिच्यावर तिने तिकडचे इंजिनियर निगमसाहेब यांना गाठलं. "निगमजी, आप हमारा कॉल हमीं को लौटा रहे हैं."

पलीकडून मोठ्ठं हसू. "और आप फिर हमें! बताइए, क्या करें?"

तिने सांगितलं: ज्याच्याकडून फोन आला त्याच्याकडे तो परत पाठवायचा नाही. दक्षिणेकडची तिसरी वाट द्यायची. तीही नसेल तर स्पष्ट नकार कळवायचा, म्हणजे लाइन सुटेल.

भरदिवसा चालू एक्स्चेंजमध्ये हात घालायला साहेब कचरले. "गड़बड़ हुई तो पूरा शहर गूँगा हो जाएगा."

"सर, अभी कौन सा बोल रहा है?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःच खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. "चलो, करो."

दोन्ही शहरांनी बरोबरच बदल केला. अडलेल्या लाइनी भराभर मोकळ्या झाल्या. मृणालिनीने पुन्हा नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजली.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"मावशी, मी! काशीहून!" तिचा आवाज इतका चढला की पुढचं तिला नीट ऐकूही आलं नाही. स्विच रूममध्ये टाळ्या सुरू झाल्या होत्या.

तो नियम पुढे आसपासच्या सगळ्या एक्स्चेंजमध्ये लागू झाला, आणि तो समजावून द्यायला मृणालिनीलाच गावोगाव बोलावणं येऊ लागलं.

वेणीमाधवकाकांना त्यातलं तंत्र कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी घाटावरून येताना ते बूथमध्ये शिरले, साताऱ्याला थोरल्या भावाला फोन लावला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दादा, काम काही नाही हो! लागला ना फोन? आमच्या मृणालिनीने लावलाय!"