पिलाला घातलेलं मुसकं

मेंढरं विकून बाळासो आणि केराबाई चिंचोळी एमआयडीसीजवळच्या एका खोलीत राहायला आले. बाळासो कारखान्यात जाऊ लागला. केराबाई मागं घरात सिमेंटच्या कोब्यावर येरझाऱ्या घालायची. जन्मभर माळ तुडवलेले पाय, चार भिंतींत ते ठरेनात.

शेजारच्या चन्नम्माची डुकरीण व्याली आणि मेली. पिलांतल्या एकानंच तेवढा आईचा चीक चोखला होता. तेच धुगधुगी धरून होतं.

"ह्येबी जायाचं की," चन्नम्मा म्हणाली. तोवर केराबाईनं ते पदरात घेतलंसुद्धा.

"धनगराच्या घरात डुक्कर?" संध्याकाळी चपला काढता काढता बाळासोनं विचारलं.

"मग येताना कारखान्यातनं कोकरू आना."



पोरकी कोकरं जगवणं केराबाईच्या हातातलं काम. चन्नम्माच्याच शेळीचं दूध ती कोमट करायची, मनगटावर थेंब टाकून बघायची. बाटली उकळून घ्यायची. पिलाला पालथं धरून थोडं थोडं, पण पुन्हापुन्हा पाजायची. मग ओल्या फडक्यानं शेपटीखाली पुसायची. आईची जीभ हेच करते, त्याशिवाय पिलाचं पोट मोकळं होत नाही. पिलू पिऊ लागलं, अंग धरू लागलं.

आणि एके सकाळी दारापुढच्या जमिनीत नाक खुपसून ते माती खाऊ लागलं.  माती खाऊन पोट फुगलेली कोकरं केराबाईनं हातानं पुरली होती. तिनं लगेच सुतळीचं इवलंसं मुसकं विणलं आणि पिलाच्या तोंडाला बांधलं. दुधापुरतं काढायचं, परत बांधायचं. पिलाला ठेवलं आत, कोब्यावर.

पुढं ते फिकं पडत गेलं. कान पांढरे, पातळ हगवण, दोन पावलांत धाप. तिनं दूध कमी केलं, उकळून निवलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून पाजलं. हगवण थांबेना. ती बसायची, उठायची, पिलाचं पोट चाचपायची, दारात जाऊन परत यायची. तव्यावर भाकरी करपली तरी तिला वास आला नाही.

चन्नम्मा डोकावली. "अगं बया! हे काय बांधलंस?"

"माती खातंय, चन्नाक्का."

"खाऊ दे की! डुकराचं हाय ते. मातीबिगर त्याला रगत कुटनं यायचं? उद्या त्याची लोकर कातरशील!"

केराबाई हसली नाही. मुसकं तिनंच विणलं होतं. ते ओढून काढून, पिलू छातीशी धरून ती जनावरांच्या दवाखान्यात निघाली.

डॉक्टरांनी पिलाचा ओठ वर करून पांढऱ्या हिरड्या पाहिल्या. "नुसत्या दुधात लोह पुरत नाही," म्हणत लोहाचं इंजेक्शन दिलं. "माती खाऊ दे, पण जिथं दुसरी डुकरं फिरतात तिथली, गटाराकडची नको. जंत होतात."

येताना तिनं माळावरची कोरडी माती पदरात भरून आणली आणि कोब्यावर पसरली.

"अगं, घर हाय का वावर?" बाळासो दारातच थबकला.

केराबाई पिलाचे कान उजेडाकडं धरून बघत होती.

कानांवर लाली परतली. मग एका सकाळी कामावर निघालेल्या बाळासोला तिनं हात धरून कोपऱ्यात ओढलं.

"बघा की!"

"काय बघू? लेंडी?"

"व्हय, लेंडीच! घट्ट झाली."

बाळासोनं वाकून पाहिलं, जरा जास्तच वेळ. तेवढ्यात पिलू उंबरा ओलांडून गटाराकडं सुटलं, आणि केराबाई ओरडत त्याच्यामागं.