बाबांचा फॉल्स

आमच्या निंबोल्याच्या मळ्यात एक फॉल्स होता. होता म्हणजे बाबांच्या तोंडात होता. मळ्यात होता तो बोअरचा चार इंची पाइप. त्यातलं पाणी सिमेंटच्या हौदात धो धो पडायचं आणि तिथून केळीला जायचं. जबलपूरच्या सहलीत बाबांनी पाटीवर हा शब्द वाचला आणि घरी आल्या आल्या पाइपाला बहाल केला. त्यांचं म्हणणं साफ होतं: धबधबा गावठी, झरना सिनेमातला, आणि जिथं माणसं टॉवेल घेऊन येतात तो फॉल्स. मी एकदा "निदान वॉटरफॉल तरी म्हणा" म्हटलं, तर माझ्यावरच डाफरले. "पाणी नाही तर काय दूध पडणार आहे? वॉटर कशाला सांगायचं?"

तोवर ठीक होतं. पण माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली आणि त्यांनी पाहुण्यांना फोनवर सांगून टाकलं, "रविवारी सगळे या. आपल्या मळ्यातच फॉल्स आहे."

पाहुणे मूळचे जळगावकडचे, कागदाच्या मिलच्या क्वार्टरात राहणारे. मुलगा मिलमध्ये फिटर. एका लग्नाच्या पंगतीत त्यानं मला तीनदा मठ्ठा वाढला होता, तिसऱ्यांदा तर मी नको नको म्हणत असताना. मला तो आवडला होता, उगाच आढेवेढे कशाला घेऊ? पण मध्यस्थ मामींनी बजावलं होतं, "त्याच्या आईला बढाया खपत नाहीत हं. दोन स्थळं तिनं त्यावरूनच मोडलीत."

रविवारी जीपमधून आठ माणसं उतरली, सात टॉवेल घेऊन. मुलाच्या भाच्यानं तर हवेची ट्यूब कमरेला घालूनच उडी मारली. "नानाजी, झरना किधर है?" त्यानं क्वार्टरातल्या हिंदीत बाबांना विचारलं.

लाईट गेलेली. शेताची लाईट आमच्याकडे ठरल्या वेळेलाच येते.

"अकराला सुरू होतो," बाबा म्हणाले.

"काय सुरू होतो?" मुलाच्या आईनं विचारलं.

"फॉल्स. टायमिंग आहे त्याचं."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आम्ही पोहे दिले, केळीचे वेफर्स दिले, दोनदा चहा दिला. अकराला लाईट आली. बाबांनी ऐटीत स्टार्टरचं बटण दाबलं. मोटर घुंऽऽ करून बंद पडली. पुन्हा दाबलं, पुन्हा घुंऽऽ. मुलाच्या आईनं पाइपाकडे पाहिलं, हौदाकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"हा फॉल्स?"

बाबा गमछ्यानं स्टार्टरचा डबाच पुसत बसले. इतका वेळ मला त्यांचा असा संताप आला होता, पण तो वाकलेला माणूस पाहून मला रडूच यायला लागलं. स्थळ गेलं, हे तर कळून चुकलंच होतं.

तेवढ्यात मुलगा उठला. बाह्या सरसावल्या, मेन स्विच पाडला, डबा उघडून आतले पॉइंट घासले, झाकण लावलं आणि बटण दाबलं. पाइप दोनदा खोकला, गाळ थुंकला, आत बसलेला बेडूक बाहेर फेकला, आणि मग धो धो सुरू झाला. मुलगा आईकडे वळला. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू न देता म्हणाला, "आई, टॉवेल घे. फॉल्स सुरू झाला."

आई त्याच्याकडे बघतच राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मग पदर खोचून सरळ पाइपाखाली डोकं घातलं आणि "अगं बाई गंऽऽ!" करून अशी ओरडली की शेजारच्या मळ्यातली माणसं बांधावर आली.

बाहेर येऊन पदर पिळता पिळता ती बाबांना म्हणाली, "माझा पोरगा आजवर माझ्याशी खोटं बोलला नव्हता. आज बोलला, आणि तेही तुमच्या पाइपासाठी! आता मुकाट्यानं पोरगी द्या."